राजवैद्यांची वही आणि शेषम्माचा पाय

वेण्णारच्या पुलावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. अनिरुद्धराव कठड्याशी थांबले, काठी टेकवून ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, मानेची कातडी चिमटीत धरा. आता सोडा."

मी धरली आणि सोडली.

"लगेच बसली?"

"बसली."

"सरि, ठीक. मग पाणी आत्ता नको. पन्नास पावलं हळू चाला, घाम सुकू द्या, मग दोन घोट."

याआधीच्या पुलावरही हेच झालं होतं. तंजावूर ते तिरुवैयारु तेरा किलोमीटर. वाटेत पाच नद्या, पाच पूल, आणि प्रत्येक पुलावर माझ्या मानेची परीक्षा. अनिरुद्धराव अडुसष्ट वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आमचे घरमालक. महिन्याच्या एका एकादशीला ते तिरुवैयारुला चालत जात, कावेरीत स्नान करत, देवदर्शन घेऊन बसने परत येत. मी त्यांना काका म्हणायची आणि अधूनमधून सोबत जायची. त्या दिवशी मात्र मी नुसती सोबतीला निघाले नव्हते.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, चार केळी आणि एक दोनशे पानी वही होती. त्यांच्या घरातल्या जुन्या वहीची मी केलेली नक्कल. तिच्यात काय लिहिलंय हे मला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. त्यांच्या घराला ते तीन पिढ्यांत कळलं नव्हतं. तिरुवैयारु येईपर्यंत ते सांगून टाकायचं असं ठरवून मी घरातून निघाले होते. दोन पूल मागे पडले, आणि मी अजून तोंड उघडलं नव्हतं. कारण ते सांगितलं असतं तर त्यांच्या घराण्याचा मान गेला असता, पण त्याचं मला फार वाटत नव्हतं. मान काय, येतो जातो. मला भीती होती ती शेषम्माच्या उजव्या पायाची.

शेषम्मा म्हणजे त्यांची बायको. पण क्रमाने सांगते.

आम्ही तंजावूरला आलो ते १९९३ साली. आमचे यजमान बँकेत, साताऱ्याहून बदली झालेली. राजवाड्यामागच्या गल्लीत अनिरुद्धरावांच्या घराचा वरचा मजला मिळाला. इतक्या लांब मराठी बोलणारं घर मिळालं म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. आमच्या आजोबांच्या तोंडी सुद्धा नव्हतं इतकं जुनं त्यांचं मराठी, वर तमिळचा हेल. पण पहिल्याच दिवशी शेषम्माने जिन्यात पाण्याची वेगळी घागर ठेवली, वेगळं फुलपात्र ठेवलं, आणि नऊ दिवस आमच्या स्वयंपाकघरात येऊ नका म्हणून सांगितलं. मला वाटलं, सोवळं असेल. किंवा आम्ही देशावरचे, त्यांना चालत नसू. मी नऊ दिवस मनातल्या मनात धुसफुसत काढले. दहाव्या दिवशी शेषम्मा पायसम घेऊन वर आली, माझ्या पोरांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाले गे नऊ दिवस. तुमच्यात काही निघालं नाही."

"काय निघायचं होतं?"

"ताप, खोकला, काय बी. नवीन आलेल्यास नऊ दिवस वेगळं ठेवावं, ऐसं वहीत आहे. आमच्या सुनेस पण ठेवली होती. तीही रुसली होती."

सून हरिप्रिया आणि मुलगा प्राणेश पापनाशमला राहत. प्राणेशने तिथे रक्त-लघवी तपासायची लॅब काढली होती. तर लग्नाच्या दिवशी घरात आलेल्या त्या मुलीला नऊ दिवस माडीवर बसवून वेगळ्या घागरीतलं पाणी पाजलं होतं. माहेरच्यांनी बैठक बोलावली होती म्हणे. पण वहीत आहे म्हटल्यावर तेही गप्प बसले.

ही वही म्हणजे त्या घरातलं दुसरं दैवत. अनिरुद्धरावांचे पणजोबा, गोपालकृष्णराव, राजांच्या पदरी राजवैद्य होते, आणि माणसाने निरोगी राहावं कसं हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. वही देवघराच्या फडताळात, रेशमी फडक्यात. नवरात्रात सरस्वतीपूजेला बाहेर काढायची, गंध-फूल वाहायचं, दुसऱ्या दिवशी परत बांधून ठेवायची. उघडायची नाही. उघडून करायचं काय? ती बाळबोध लिपीत, आणि घरात बाळबोध कोणालाच येत नव्हती. शाळा तमिळमधून, नोकरी इंग्रजीतून, संध्येचे मंत्रसुद्धा तमिळ अक्षरांत लिहून पाठ केलेले. वहीतले नियम पणजोबांनी मुलाला तोंडी सांगितले, त्याने आपल्या मुलाला, असं करत ते अनिरुद्धरावांपर्यंत आले.

आणि अनिरुद्धरावांनी ते सगळ्या गल्लीला लावले.

पहाटे उठल्यावर खालचा ओठ ओढून आरशात हिरडी बघायची. अंगठ्याने दाबायची, पांढरी पडते, मग दोन अंक मोजायच्या आत लाल झाली पाहिजे. अंघोळीआधी जाड्याभरड्या कापडाने अंग घासायचं, पाव तास, मानेकडून खाली. सकाळी मूठभर भिजवलेले कुळीथ खायचे. कुळीथाला तिकडे कोल्लू म्हणतात आणि तो घोड्याचं खाणं म्हणूनच प्रसिद्ध आहे. हे मी एकदा हसत म्हटलंही होतं. अनिरुद्धराव म्हणाले, "घोडा आजारी पडलेला पाहिला काय कधी?" मी पाहिला नव्हता. आमच्याकडेही कुळीथ सुरू झाले. यजमानांची ढेरी चार महिन्यांत निम्मी झाली.

शौचाला रोज कसं झालं हे बघायचं, रंगासकट, आणि विचारलं तर सांगायचं. हा नियम गल्लीत सगळ्यात कमी लोकप्रिय होता. कारण अनिरुद्धराव खरंच विचारत, तेही दूध आणायला उभ्या असलेल्या माणसाला. एक जेवण गेलं नाही तर जबरदस्ती करायची नाही, दुसरंही गेलं नाही तर वाट बघायची नाही. उभं राहताना कोणी एकाच पायावर भार देत असेल तर दुसऱ्या पायात काहीतरी आहे, न विचारता ओळखावं. फुलवाली सरोजा कोपऱ्यावर बसायची. एकदा त्यांनी तिला हिरडी दाखवायला लावली. तिने आधी चार शिव्या दिल्या, मग दाखवली. हिरडी तिच्या जाईसारखी पांढरी. त्यांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. अंगात रक्त निम्मंसुद्धा नव्हतं. महिनाभराने ती परत बसली ती त्यांना रोज एक हार फुकट देऊ लागली, आणि शौचाचं विचारलंत तर हार बंद, असंही सांगून ठेवलं.

त्या वर्षांत तंजावुरात सगळं नवीन येत होतं. घराघरांवर केबल, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ, आणि मोठाल्या पाट्या: संपूर्ण देहतपासणी, चाळीस चाचण्या एका सकाळीत. बँकेतले साहेब लोक उपाशीपोटी जाऊन तपासून येत, कागद फायलीत लावत आणि बाहेर पडल्यावर तिथेच तुपातला डोसा खात. गल्ली मात्र अनिरुद्धरावांकडे येत होती. त्यांचं ऐकायला काही लागत नव्हतं, फक्त लाज सोडावी लागत होती.

आता शेषम्माचा पाय.

वहीतला सगळ्यात कडक नियम असा: रोज तिन्हीसांजेला दिव्याच्या उजेडात चारी पाय बघावे. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. उलट्या हाताने चाचपून बघावं, कुठे ऊन, म्हणजे गरम, लागतं काय. चारी पाय म्हणजे कोणाचे, तर नवरा-बायकोचे, दोन अधिक दोन. त्या घरात तीन पिढ्या नवरा बायकोचे पाय बघत होता आणि बायको नवऱ्याचे. लग्न होऊन आली तेव्हा शेषम्माने वर्षभर पाय दिला नव्हता. नवऱ्याने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे केवढं पाप. सासूने तिला फडताळातली वही दाखवली, वहीवर हात ठेवायला लावला, तेव्हा कुठे ती तयार झाली. पण रोज पाय बघून झाले की ती नवऱ्याला वाकून नमस्कार करायची, पाप तिथल्या तिथे धुऊन टाकायची. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

तिला साखर होती. बारा वर्षांची. १९९५च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी अनिरुद्धरावांचा हात तिच्या उजव्या अंगठ्याखाली थांबला. म्हणाले, इथे ऊन लागतंय. ती म्हणाली, मला काही नाही. ठणका नाही, सूज नाही, दिसायला काही नाही. पण ते सकाळी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. आत काट्याचं टोक मोडून बसलं होतं आणि पू धरायला लागला होता. साखरेने तिच्या तळव्यांची जाणीवच गेली होती, खिळा गेला असता तरी कळला नसता. तरुण डॉक्टर होता. त्याने जखम साफ केली आणि विचारलं, "हे पाहिलं कोणी? अजून आठवडा गेला असता तर बोट गेलं असतं. कदाचित पाऊलही." आणि बजावून सांगितलं, आता जन्मभर रोज हे पाय कोणीतरी बघायचे. तिला स्वतःला ते जमणार नव्हतं. गुडघे वळत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू.

त्या दिवसापासून शेषम्माची वहीवर नितांत श्रद्धा बसली. नवऱ्यावर नव्हे, वहीवर. मला म्हणायची, "राजवैद्यांनी लिहून ठेवलं म्हणून माझा पाय राहिला गे. वहीत आहे म्हणून देते. नाहीतर मी यांच्या हातात पाय देऊन देवास कैसं तोंड दाखवू?"

प्राणेशला ही हकीगत कळली आणि त्याच्या डोक्यात पुस्तक आलं. राजवैद्यांची दिनचर्या, मराठी मूळ आणि तमिळ भाषांतर, मुखपृष्ठावर पगडी घातलेले पणजोबा खलबत्त्यासह, मागे लॅबचा पत्ता. छपाई शिवकाशीला ठरली. चित्र तर काढूनही झालं. पणजोबांचा फोटो नव्हताच, म्हणून चित्रकाराने अनिरुद्धरावांनाच मिशा लावल्या. राहता राहिला मजकूर. तो वाचणार कोण? वरच्या मजल्यावरची साताऱ्याची भाडेकरीण, मराठी शाळेत मॅट्रिक झालेली.

मी अंघोळ करून, दिवा लावून वही उघडली. मोडी असती तर मलाही लागली नसती. पण शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं स्वच्छ, गोल, बाळबोध अक्षर. पहिली दोन पानं पाण्याने गेलेली. तिसऱ्यावर मथळा होता: सरकारी पागेतील जनावरांची निगा. त्याखाली, सालोत्री यांनी तोंडी सांगितले ते बरहुकूम लिहून घेणार, गोपालकृष्ण, कारकून, पागा.

पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. मी ती ओळ तीनदा वाचली. पुढे सगळं ओळीने आलं. हिरडी दाबून बघणं, मानेची कातडी चिमटीत धरणं, खरारा मानेकडून खाली, कुळीथाची चंदी भिजवून. नवीन जनावर नऊ दिवस वेगळे बांधावे, पाणी वेगळ्या डोणीत. लीद रोज पाहावी. चारी पाय, खुरांच्या बेचक्या, दिव्याच्या उजेडी.

मी हसले, खोटं कशाला सांगू. पदराचा बोळा तोंडात धरून हसले, कारण खाली शेषम्मा होती. यजमानांची ढेरी आठवली, हरिप्रियाचं माहेर आठवलं, आणखी हसले. तेवढ्यात तिन्हीसांज झाली. खालून शेषम्माचा आवाज आला, "अहो, दिवा आणलाय. या." आणि माझं हसू जे थांबलं ते थांबलंच.

तर हे सगळं पिशवीत घेऊन मी चालत होते.

तिसरा पूल झाला. मानेची कातडी लगेच बसली. कंडियूर आलं, ऊन चढायला लागलं. एका मोरीवर अनिरुद्धराव बसले, चपला काढल्या, पंच्याने तळवा पुसून बोटांच्या बेचक्या बघायला लागले. मीही शेजारी बसले. पुढे दोन पूल होते आणि मला धीर नव्हता, म्हणून एकदम म्हटलं, "काका, वही पुरी झाली."

"झाली? मग प्राणेशला कळवतो. तो रोज विचारतो आहे."

"कळवू नका. ती वही माणसांसाठी नाही."

"मग काय देवांसाठी?"

"घोड्यांसाठी."

त्यांचा हात तसाच फिरत राहिला. उजवं पाऊल पुसून झालं, डावं घेतलं. मग म्हणाले, "कोणते घोडे?"

"सरकारी पागेतले. सालोत्री सांगत गेले आणि तुमचे पणजोबा लिहून घेत गेले. ते पागेत कारकून होते. तसं स्पष्ट लिहिलंय."

"चंद्रसेन?"

या चंद्रसेनाचा इतिहास मला माहीत होता. त्यांच्या घरी सांगत, की चंद्रसेन नावाचे एक मोठे सरदार लंगडे झाले होते, राजवैद्यांनी त्यांना रोज पहाटे नदीच्या वाळूतून चालवलं आणि दसऱ्याच्या मिरवणुकीला ते पुन्हा ताठ मानेने निघाले.

मी वही काढून पान दाखवलं. त्यांना वाचता येणार नव्हतं, पण दाखवलं. "चंद्रसेन, अबलख. अबलख म्हणजे ठिपक्यांचा. वय वर्षे नऊ. पुढचा डावा पाय."

"ठिपक्यांचा," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझे वडील महालयात त्याच्या नावाने तिलोदक देत होते. घराण्याचे उपकारकर्ते म्हणून. मी पण देतो."

"पितृपक्षात मुक्या जीवांनाही पाणी देतात, काका. वाया नाही गेलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करते आहे काय म्हणून. मी करत नव्हते. आमच्याकडे खरंच देतात.

रस्त्यावरून एक बस गेली. धुळीसाठी त्यांनी पंचा तोंडावर धरला. मग ते म्हणाले, "कारकून. मी एकतीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं. मला वाटत होतं, घराणं वैद्याचं आणि मीच एकटा खाली घसरलो. अक्षर कैसं आहे?"

"फार सुंदर. सबंध वहीत खाडाखोड नाही."

"नसणारच," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे सरळ बसले. "घोडे बरे होत होते काय?"

"शेवटी यादी आहे. बावीस आजारी, एकोणीस बरे."

"तीन?"

"एक म्हातारा होता. दोघांपुढे शेरा आहे, 'मोतद्दाराने कळविण्यास उशीर केला'."

मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, हे मी सांगणार होते. पण त्यांना ते कळलं असावं. चपला घालत म्हणाले, "घोडा काही बोलत नाही, बाई. दुखतं म्हणून सांगत नाही. म्हणून त्याच्यासाठी ऐसं सगळं बघून ठेवावं लागतं. हिचा पाय तरी कुठे बोलतो?"

आम्ही उठलो. चालताना ते पुष्कळ बोलले. प्राणेशला आजच बूथवरून फोन करतो म्हणाले. "तो काय सांगेल ठाऊक आहे? अप्पा, घोडा तेवढा काढून टाकू, बाकी छापू. चित्र झालं आहे." मग आपणच म्हणाले, "नक्को. गल्लीला मी सांगतो. सरोजा आयुष्यभर हसेल. हसू दे, हिरडी लाल आहे." मला वाटलं होतं, माणूस कोसळेल. उलट ओझं उतरल्यासारखे चालत होते. मला माझ्या आठ दिवसांच्या काळजीची लाज वाटायला लागली.

कुडमुरुट्टीच्या पुलावर मात्र ते थांबले आणि या वेळी माझी मान विसरले.

"हिला सांगू नका," म्हणाले.

"काका, त्या मला विचारणार. रोज विचारतात, पाय बघायचं पान आलं काय, आलं की मला वाचून दाखव. आज घाटावर भेटल्या की पहिलं तेच विचारतील."

शेषम्मा बसने येऊन कावेरीच्या घाटावर बसणार होती. डॉक्टरांनी तिला अनवाणी चालायला मनाई केली होती.

"मग वाचा, आणि घोडा वाचू नका."

"तुमच्या घरात त्या वहीची पूजा होते. मी स्वतः दिवा लावून तिच्यासमोर बसले. तिच्यातलं वाचायचं म्हटल्यावर मी मध्येच गाळून नाही वाचणार."

"मोठ्या धार्मिक," ते पुटपुटले. "घोड्यांच्या वहीला दिवा लावणाऱ्या."

"तुम्ही तिला साठ वर्षं फुलं वाहिलीत."

यावर ते हसले, पण पुरतं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय की रोज पाय बघायचे. आता वहीचं नाव कशाला, डॉक्टरांचं सांगा.

"डॉक्टरचं ती ऐकते? गोड नको म्हणून त्याने सांगितलं, त्याच दिवशी पाय वाचला म्हणून हिने पायसम केलं. वर मला म्हणते, तो लेकरू आहे. वही दीडशे वर्षांची. वहीस ती भिते. मला पाय देते ती वहीस भिऊन."

"मग हरिप्रिया?"

"पापनाशमहून रोज येईल काय? आणि सुनेच्या हातात पाय द्यायला ती तयार होईल, पण सुनेस बघायचं कैसं ते येईपर्यंत हिचा पाय राहील काय? तुम्ही आहात, पण तुमची तर बदली."

बदली खरीच होती. मे महिन्यात आम्ही परत साताऱ्याला जाणार होतो. घरात फक्त हे दोघं. एकाला दिसतं, एकीला कळत नाही. आणि मध्ये एक पाप, जे आजवर वहीने झाकून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही म्हणाल तेव्हा सांगेन, म्हणाल तसं सांगेन."

ते काठी उचलून पुढे निघाले. शेवटचा पूल दिसायला लागला, पलीकडे देवळाचं गोपूर. पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी ते सावलीत उभे राहिले. चहा घेतला नाही, एकादशी होती. काठीवर दोन्ही हात ठेवून घाटाकडे बघत राहिले. पायऱ्यांवर शेषम्मा बसलेली लांबून ओळखू येत होती. मोरपिशी लुगडं, पायांत डॉक्टरांनी सांगितलेल्या जाड रबराच्या चपला. नदीकाठीही काढल्या नव्हत्या.

"चिडेल," अनिरुद्धराव म्हणाले. "आधी माझ्यावर, मग माझ्या आईवर, मग तुमच्यावर. चाळीस वर्षं घोड्यासारखे पाय बघितलेत म्हणून बोलेल. मग दोन दिवस बोलणार नाही. त्यानंतर कदाचित तिलाच वाटेल, की काटा तर खराच होता. पण ते दोन दिवस पाय कोण बघणार?"

"मग कधी सांगू?"

त्यांनी जरा विचार केला. ऑफिसात फायलीवर कसा शेरा मारावा याचा करत असतील तसा.

"आज विचारलं तर म्हणा, उद्या संध्याकाळी वही घेऊन येते, समोर बसून वाचते. हे खोटं नव्हे. उद्या दिवा लागला की खाली या. माझ्याजवळ बसा, तिच्याजवळ नको. मी आधी उजवा घेतो, जखमेचा. तो नीट बघून होईपर्यंत तुम्ही वही उघडू नका, ती कितीही घाई करू दे. डावा माझ्या हातात आला म्हणजे मग वाचायला घ्या, पहिल्यापासून, घोड्यासकट. ओढून घेतला तरी मी सोडणार नाही; घोडा ऐकूनही एकदा बघून झाला, की परवा नाही म्हणणं तिला जड जाईल. तुम्ही तेवढं मध्ये थांबू नका, बाई. माझं बघून होईपर्यंत वाचत राहा."